कॉलेजची कॉम्प्युटर लॅब प्रॅक्टिकलशिवायही उघडी ठेवायची आहे, अनुभवी लोकांनी सांगा

सांजवात | ५ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला शिकवते, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे, हे चौथं वर्ष. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते, थोडं लांबेल.

आमच्याकडे लॅब आहे. तीस मशीन, त्यातली सव्वीस चालतात. चौथ्या जनरेशनचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत किती वेळ जातो ते मी एकदा घड्याळ लावून बघितलं, एका मशीनला सहा मिनिटं दहा सेकंद लागले. बॅचला मुलं जास्त म्हणून एका मशीनवर दोघं बसतात, आणि दोघांतला जो जरा धीट असतो त्याच्याच हातात कीबोर्ड राहतो, दुसरा वर्षभर शेजारी बसून बघतो आणि जर्नलमध्ये उतरवून घेतो.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, ती लिंक्ड लिस्टचा (प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता असतो अशी माहितीची साखळी) अख्खा प्रोग्राम वहीत पेन्सिलने लिहून आणते. खोडून खोडून कागद पातळ झालेला असतो, मार्जिनमध्ये मेमरीचे चौकोन काढून एकातून दुसऱ्याकडे बाण नेलेले असतात. तिला विचारलं, फोनवर तरी चालवून बघतेस का, तर म्हणाली मॅडम फोन भावाकडे असतो, मी गुरुवारची वाट बघते. गुरुवारी टाईप केला, डिस्प्ले फंक्शन थांबेचना, स्क्रीनवर आकडे धो धो वाहायला लागले. शेवटच्या नोडच्या, म्हणजे कडीच्या, नेक्स्टमध्ये नल, म्हणजे 'पुढे काही नाही' ही खूण, टाकायचं राहिलं होतं. ते सापडेपर्यंत बॅच संपली, पुढचा गुरुवार सुट्टीचा आला. एका नलसाठी चौदा दिवस गेले तिचे.

आणि त्या चौदा दिवसांत लॅब रोज दुपारी तीननंतर रिकामी होती, कुलूप लावलेलं. मी जिन्यावरून उतरताना खिडकीतून रोज बघते, मॉनिटरवर कव्हरं घातलेली रांग दिसते. मला ती लॅब उघडी ठेवायची आहे. कशी ठेवायची ते सांगा. मशीनचं काय करायचं तेही सांगा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून ऑफिसात आता "सगळी भंगारात काढू, नवीन येतील तेव्हा बघू" अशी भाषा सुरू झालीय.

---

पान्हापक्कड | ५ जानेवारी, रात्री ११:५२

मॅडम भंगारात अजिबात काढू देऊ नका. मी गेली अकरा वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब सांभाळतो, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री जीसीसी (सी चा कंपायलर), पायथन, पोस्टग्रेस (डेटाबेस), जावा सगळं आरामात ओढतो, तो हळू नाहीये, त्याची हार्ड डिस्क हळू आहे. सहा मिनिटांतली पाच मिनिटं ती डिस्क खाते. एसएसडी (आत फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घाला आणि रॅम ८ करा, तेच मशीन अर्ध्या मिनिटात उठेल. मी गेल्या वर्षी २४० जीबीच्या दीड हजारांच्या आत घेतल्या होत्या, सध्या भाव वर गेलेत, पण नव्या मशीनच्या पुढे तरीही काहीच नाही. रॅम त्या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते, नवी घेऊ नका, जी चार मशीन बंद आहेत ना त्यांतल्या काढा आधी, ती चार सुटे भाग म्हणून वापरा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो विषय सोडा. लिनक्स टाका. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी सीएसच्या लॅबबुकात सी आहे, पोस्टग्रेस आहे, ऑपरेटिंग सिस्टीमला फोर्क (चालू प्रोग्राममधून दुसरी प्रोसेस सुरू करणं) आहे, यातलं विंडोजवाचून काय अडतं? इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये तर प्रॅक्टिकलच्या वर छापलेलंच असतं, ६४ बिट ओपन सोर्स लिनक्स वापरा म्हणून. अकाउंट्सवाल्यांना किंवा कुठल्या एका सॉफ्टवेअरला विंडोज लागतच असेल तर चार-पाच मशीनवर राहू द्या, शिक्षणसंस्थांना विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असे मिळतात.

एक मशीन नीट तयार करा, मिंट एक्सएफसीई किंवा लुबुंटू (दोन्ही हलके लिनक्स), सगळे कंपायलर घालून, मग क्लोनझिलाने (अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बाकीच्यांवर उतरवा. पहिल्यांदा करताना रविवार जाईल पूर्ण, दुसऱ्यांदा दोन तासांत होतं.

---

घाटमाथा | ६ जानेवारी, सकाळी ८:१५

भावना समजली, पण मला वेगळं वाटतं. आता प्रत्येकाकडे लॅपटॉप असतो, नसेल तर फोनवर ऑनलाईन कंपायलर असतो, गुगल कोलॅब असतो. लॅब ही वीस वर्षांपूर्वीची गरज होती. कॉलेजने त्या खोलीत चांगलं वायफाय आणि प्लगपॉइंट द्यावेत, मुलं आपापली मशीन आणतील. देखभालीचा खर्च शून्य.

---

सांजवात | ६ जानेवारी, दुपारी १:०५

@घाटमाथा, तुमचं म्हणणं पुण्यात खरं असेल. तुमची कॉमेंट वाचून आज वर्गातच विचारलं. साठातल्या एकवीस जणांकडे लॅपटॉप, त्यातले चार भावंडांत मिळून. बाकी एकोणचाळीस फोनवर. फोनवर प्रोग्राम कसा लिहितात ते मी शेजारी बसून बघितलंय, कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन गेला, महिरपी कंस शोधायला दोनदा पान बदलायचं, आणि वीस ओळींच्या पुढे गेलं की वरचं फंक्शन काय होतं ते वर सरकवून बघून यायचं. त्यावर मूल सिंटॅक्स शिकेल, पण चार फाईलींचा प्रोजेक्ट नाही करू शकणार. डीबगर लावणं, टर्मिनल, गिट, यातलं काही नाही.

आणि हिशोबच मांडते. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये ३० तास. एका मशीनवर दोघं, म्हणजे हातात कीबोर्ड १५ तास, तोही प्रामाणिकपणे वाटून घेतला तर. त्यातून मशीन चालू होणं, हजेरी, जर्नलवर सह्या वजा करा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो हे १५ तास एका आठवड्यात भरून काढतो. ज्याच्या घरी नाही त्याला सहा महिन्यांत तेवढेच मिळतात. परीक्षेला दोघांना एकच पेपर.

---

घाटमाथा | ६ जानेवारी, दुपारी २:३०

एकोणचाळीस हा आकडा मला अपेक्षित नव्हता. मी माझ्या ऑफिसातल्या इंटर्नकडे बघून लिहिलं होतं, तिथपर्यंत पोचलेलेच मला दिसतात हे लक्षात आलं नाही. मत मागे घेतो. तुमच्या मशीनपैकी काहींच्या एसएसडीचा खर्च मी करू शकतो, कसा पाठवायचा ते व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

गोदावरी७७ | ६ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

सांजवात मॅडम, कुलूप का असतं ते मी सांगतो, कारण ते एकतीस वर्षं मीच लावत होतो. लॅब असिस्टंट म्हणून रिटायर झालो.

डेडस्टॉक रजिस्टर. लॅबमधली प्रत्येक वस्तू त्यात असते आणि ती माझ्या सहीने ताब्यात असते. एक माऊस गेला तरी दर वर्षीच्या पडताळणीत माझ्या नावापुढे शेरा. आमच्याकडे एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा मशीनमधली रॅम गायब झाली, कॅबिनेटचे स्क्रू जिथल्या तिथे लावलेले, वरून काही कळू नये असं. चौकशीला मी. माझ्याकडे चावी म्हणून माझ्यावरच संशय. वसुली झाली नाही शेवटी, पण ते दोन महिने घरात जेवण गोड लागलं नाही. त्यानंतर मी प्रॅक्टिकल संपलं की पाचव्या मिनिटाला कुलूप लावायला लागलो. कुणी मूल विनंती करत आलं तरी नाही म्हणायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा तुमच्या असिस्टंटला आधी सोबत घ्या, त्याच्यावर आदेश काढून काम होणार नाही. प्राचार्यांकडून लेखी घ्या की जादा वेळेत लॅब चालू असताना काही गहाळ झालं तर ती जबाबदारी संस्थेची, त्याची एकट्याची नाही. हा कागद निघाला की अर्धं कुलूप उघडलं. कॅबिनेटला साखळी आणि छोटं कुलूप लावा, रॅम जाणार नाही. जुन्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून कमी करणं, वेळच्या वेळी करून घ्या, नाहीतर वीस वर्षांपूर्वीचे मेलेले मॉनिटर रजिस्टरवर जिवंत राहतात आणि त्यांच्यासाठी अर्धी लॅब अडून बसते.

आणि बसायला माणूस कोण, हा पुढचा प्रश्न येईलच. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना आहे, त्यातली मुलं बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. त्यातली तिसऱ्या वर्षाची दोन चांगली मुलं लॅबवर घ्या. तासाचे पैसे त्यांना मिळतात, लॅबला माणूस मिळतो, आणि ज्युनिअर मुलं मास्तरांपेक्षा त्यांना मोकळेपणाने विचारतात.

---

सांजवात | ६ जानेवारी, रात्री ९:४८

दादा, तुमचं तिसऱ्यांदा वाचतेय. आमचे असिस्टंट अडवतात म्हणून मी मनातून त्यांच्यावर चिडून होते, त्यांच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. उद्या आधी त्यांच्याशीच बोलते. कमवा आणि शिकाची कल्पना फार मोलाची.

---

आबा_दादरकर | ७ जानेवारी, पहाटे ५:३०

मी १९७८ साली मुंबईत फोरट्रान शिकलो. आम्ही कॉम्प्युटर बघितलाच नव्हता, काचेपलीकडे असायचा. एका कार्डावर एक ओळ, ऐंशी कॉलम, त्यातल्या सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रोग्राम लिहायचा. कार्डांची चळत रबरबँड लावून खिडकीत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायला यायचं. चळतीच्या कडेवर आम्ही पेनाने तिरकी रेघ मारून ठेवायचो, म्हणजे कार्डं हातातून पडली तर रेघ जुळवून पुन्हा क्रम लावता यायचा. स्वल्पविराम चुकला तर अख्खा दिवस वाया.

पुष्कळ लोक म्हणतात त्यामुळे आमची पिढी विचार करून प्रोग्राम लिहायची. विचार करायचो हे खरं आहे. पण माझ्याबरोबरचे किती तरी हुशार मित्र तेव्हाच कंटाळून या विषयातून बाहेर पडले, त्यांची कथा कुणी सांगत नाही. चूक केली की लगेच दिसावी, लगेच सुधारावी, पुन्हा करावी, यातून जे येतं ते वाट बघून येत नाही. ताई, तुमच्या त्या मुलीची वही वाचून मला माझी कार्डं आठवली. २०२६ साली तिला चौदा दिवस थांबावं लागतं हे मला सहन होत नाही. तुमच्या प्राचार्यांना पत्र लिहायचं असेल तर माझी सही घ्या.

---

तुषारबिंदू | ७ जानेवारी, सकाळी १०:१२

मी विद्यार्थी आहे, बीसीए दुसरं वर्ष, कॉलेज सांगत नाही. आमच्याकडे लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे, निळा स्क्रीनवाला, तो १६ बिटचा म्हणून डॉसबॉक्समध्ये चालवतात. फॅक्टोरियलचा प्रोग्राम केला, सातचं ५०४० बरोबर आलं, आठचं उणे २५२१६ आलं. सरांना विचारलं तर म्हणाले सातपर्यंतच दाखव. सगळ्या वर्गाच्या जर्नलमध्ये सातपर्यंतच आहे. मला नंतर कळलं की तिथे इंट दोन बाईटचा असतो, ३२७६७ च्या वर मावतच नाही, ४०३२० वरून फिरून उणे मध्ये जातो. मित्राच्या लॅपटॉपवर जीसीसीत केलं तर आठ बरोबर आलं, बारापर्यंत आलं, तेराला परत चुकलं, पण तिथे उणे नाही आलं, १९३२०५३५०४ असा सरळ दिसणारा आकडा आला, म्हणजे चुकलंय हे कळलंच नसतं. या एका प्रोग्राममध्ये मला जेवढं कळलं तेवढं अख्ख्या सेमिस्टरमध्ये नाही कळलं, आणि ते लॅबच्या बाहेर कळलं याचं वाईट वाटतं.

अजून एक मॅडम. तुम्ही तीननंतर उघडी ठेवणार म्हणताय, पण आमच्या वर्गातल्या गावाकडच्या मुली साडेतीनच्या एसटीने जातात, ती गेली की पुढची सहाला आणि घरचे सहाच्या गाडीला नाही म्हणतात. तीननंतर ठेवली तर गावातली आणि हॉस्टेलची मुलंच येतील. सकाळी एसटी सात-सव्वासातला येते आणि लेक्चर नऊला असतं, तेवढा वेळ त्या स्टँडवर नाहीतर पार्किंगमध्ये बसून असतात.

---

पान्हापक्कड | ७ जानेवारी, सकाळी ११:००

+१०० या मुलाला. सकाळची गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

टर्बो सी बद्दल जोडतो. उणे आकडा फार छोटी गोष्ट आहे. ॲरेच्या बाहेर लिहिलं तर डॉसमध्ये कुणी अडवत नाही, प्रोग्राम चालल्यासारखा दिसतो. लिनक्सवर त्याच चुकीला बऱ्याचदा सेगमेंटेशन फॉल्ट येतो (आपली नसलेल्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद पाडला जातो) आणि मूल घाबरतं, पण मग जीडीबी (चूक शोधायचं साधन, डीबगर) लावून ओळ शोधायला शिकतं. ती भीती एकदा लॅबमध्ये मोडली पाहिजे, इंटरव्ह्यूमध्ये मोडून उपयोग नाही.

---

नदीकाठचा | ७ जानेवारी, सकाळी ११:४०

मी बाहेर शिकलो, तिथे डिपार्टमेंटची लॅब ओळखपत्र लावून रात्री दोनला पण उघडायची. पण मला जास्त काय आवडायचं सांगू, कुठल्याही मशीनवर बसलो तरी माझ्या फाईली, माझी सेटिंग तिथे असायची. ही कल्पना आपोआप नाही आलेली. एमआयटीत १९८३ ला अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला, विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसभर मशीन ठेवायची, आणि विद्यार्थी कुठेही बसला तरी त्याचं काम त्याला मिळावं. त्या खटपटीतून कर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख पटवायची पद्धत) आणि एक्स विंडो (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) बाहेर आले, जे पुढे जगभर वापरले गेले. मुलांच्या लॅबची अडचण कुणीतरी मनापासून सोडवायला घेतली होती म्हणून.

तुमच्याकडे मुलं फाईल कुठे ठेवतात? आमच्या गावच्या कॉलेजात डी ड्राईव्हवर रोलनंबरचं फोल्डर करायचो आणि पुढच्या बॅचचा कुणीतरी ते उडवायचा.

---

सांजवात | ७ जानेवारी, दुपारी १२:२५

अजूनही तसंच आहे, डी ड्राईव्ह आणि रोलनंबर. नाहीतर पेनड्राईव्ह, आणि पेनड्राईव्ह म्हणजे शॉर्टकट व्हायरस, फोल्डर उघडायला जावं तर सगळ्याचे शॉर्टकट झालेले. मागच्या वर्षी एका ग्रुपचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी तसा गेला.

---

पान्हापक्कड | ७ जानेवारी, दुपारी ४:१०

मग हे करा. एका बऱ्यातल्या मशीनला सर्व्हर करा, त्यात दोन सारख्या डिस्क घालून एकमेकींची आरशासारखी नक्कल ठेवा, एक गेली तरी दुसरीवर सगळं राहतं. मुलांची होम डिरेक्टरी (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) एनएफएसने (नेटवर्कवरून फाईली वापरायची सोय) तिथे, लॉगिन एलडॅपने (सगळ्यांची नावं-पासवर्ड एकाच जागी), प्रत्येकाला २ जीबीचा कोटा. मूल सात नंबरवर बसो नाहीतर वीस नंबरवर, त्याचं त्याला मिळतं. रात्री सगळ्याची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, ही न चुकता, आरसा म्हणजे बॅकअप नाही, चुकून पुसलेलं आरशातही पुसलं जातं.

एलटीएसपीचा मोह होईल, म्हणजे मशीनमध्ये डिस्कच नको, सगळी नेटवर्कवरून बूट. चांगली गोष्ट आहे, मी एका लॅबमध्ये चालवतो. पण आधी तुमचा स्विच बघा. जुना शंभर मेगाबिटचा असेल तर सर्व्हरकडे जाणारी तार एकच, तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट जातात, ते तीस जणांनी एकदम नऊ वाजता मागितले की परत सहा मिनिटंच. गिगाबिट स्विच आणि नीट क्रिंप केलेली कॅट-सिक्स केबल असेल तरच करा.

नेट कमी असेल तर पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या फाईलींची) कॅश, म्हणजे साठवलेली कॉपी, सर्व्हरवर ठेवा, एकाने उतरवलं की बाकीच्यांना लॅबमधूनच मिळतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पण तिथेच भरून ठेवा, सी, लिनक्स वगैरे, साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत आणि बरेच मराठीतही आहेत.

आता महत्त्वाचं. लॅबमध्ये चपला बाहेर काढायला लावता का?

---

सांजवात | ७ जानेवारी, दुपारी ४:३२

हो, धुळीसाठी. का?

---

पान्हापक्कड | ७ जानेवारी, दुपारी ५:०५

मुलांना कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का विचारा. येत असतील तर अर्थिंग गेलंय. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, त्यांचा काम करायचा रस्ता अर्थमधून असतो. अर्थ तुटला की बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी बारीक म्हणून फक्त मुंग्या, पण त्याच वेळी आत खरा लीकेज झाला तर अडवायला काही नाही, आणि तुमची मुलं अनवाणी उभी आहेत. सॉकेटमध्ये मीटर लावून बघायला सांगा, फेज-अर्थ २३० च्या जवळपास यायला हवा आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लॅब उघडण्याच्या आधी हे करा, एसएसडी नंतर.

---

सांजवात | ८ जानेवारी, सकाळी ११:४५

विचारलं. तीन मुलांनी एकदम हो म्हणून सांगितलं, मागच्या रांगेत "चावतं" म्हणाले, त्यांना वाटायचं कॉम्प्युटरला असं असतंच. इलेक्ट्रिशियनला फोन केला आहे, तोपर्यंत मागची रांग बंद केली.

---

स्पर्शलिपी | ८ जानेवारी, रात्री ८:१५

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, आता बॅकएंड डेव्हलपर. माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी तीन वर्षं बसलो आणि एकदाही मशीन माझ्याशी बोललं नाही, कारण स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून बोलणारं सॉफ्टवेअर) टाकायला ॲडमिन पासवर्ड लागायचा आणि तो मिळायचा नाही. मित्र वाचून दाखवायचा, मी ओळ सांगायचो, तो टाईप करायचा. मला सगळं हॉस्टेलवर स्वतःच्या मशीनवर शिकावं लागलं.

तुम्ही आता नवीन इमेज (सगळ्या मशीनवर उतरवायची तयार डिस्क) बनवताच आहात तर त्यातच हे घालून ठेवा, नंतर कुणी मागायला लागू नये. लिनक्सवर ऑर्का आहे, विंडोजच्या मशीनवर एनव्हीडीए टाका, फुकट आहे, मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन मुलांनी २००६ ला सुरू केलं, मराठीही वाचतं. दोन हेडफोन कपाटात ठेवा. आणि मशीनचे नंबर कागदावर न चिकटवता उठावाचे लावा, म्हणजे माझ्यासारख्याला सात नंबर स्वतः शोधता येईल. तुमच्याकडे आज असं मूल नसेल, पुढच्या जूनला असेल.

---

ओवीची_आई | ९ जानेवारी, दुपारी ३:००

स्पर्शलिपी यांचं वाचून थांबले होते थोडा वेळ.

मी कंपनीत फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते त्या बाजूने लिहिते. सध्या जिथे जाते तिथे एआय लॅबचं उद्घाटन दाखवतात, काचेची खोली, दोन जीपीयूवाली (एआयला लागणारं ग्राफिक्स कार्ड) वर्कस्टेशन, फीत कापलेला फोटो, आणि मुलांना विचारलं यावर काय चालवलंत तर सांगतात की सर डेमो दाखवतात. जीपीयू वाईट नाही, हवाच. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाला न्यूरल नेटवर्क शिकायला कॅगलवर (डेटा सायन्सची वेबसाईट) आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट मिळतो, त्यासाठी समोर फक्त एक साधं चांगलं मशीन आणि नेट हवं. पैसे थोडे असतील तर आधी सव्वीस मशीन बरी करा.

अँड्रॉइडचं प्रॅक्टिकल असेल तर ८ जीबीवर एमुलेटर (कॉम्प्युटरवर चालणारा आभासी फोन) रडतो, तो चालवूच नका, मुलांचे फोन केबलने जोडून त्यावरच ॲप चालवा, त्यांना स्वतःच्या फोनवर स्वतःचं ॲप दिसल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच.

---

सांजवात | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढते, सगळ्यांना सांगायचं होतं.

अर्थिंगचा खड्डा नवीन केला, जुना पार कोरडा पडून वायर गंजून तुटली होती. मीटर लावून माझ्यासमोर बघितलं, न्यूट्रल-अर्थ आता दीड व्होल्ट. चपला बाहेरच आहेत पण आत रबरी मॅट टाकली.

असिस्टंट दादांशी बोलले. पहिल्या दिवशी नाहीच म्हणाले. गोदावरी दादांची पोस्ट वाचून दाखवली तर गप्प झाले, मग म्हणाले कागद निघत असेल तर मी सकाळी सातला येऊन उघडतो. कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीपुढे विषय ठेवला, आबांचं पत्र जोडलं होतं, घाटमाथा यांच्या मदतीचंही सांगितलं. कागद निघाला. एसएसडी एकदम सगळ्यांना नाही जमल्या, चौदा मशीनला बसवल्या, त्या चौदाच सध्या सकाळी उघड्या असतात, सव्वासात ते पावणेनऊ. दोन रविवार गेले क्लोनझिलात, पहिल्या रविवारी काहीच जमलं नाही, पान्हापक्कड यांनी फोनवर दीड तास दिला म्हणून झालं. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं कमवा आणि शिकातून बसतात, त्यातली एक मुलगी माझ्यापेक्षा छान समजावते. ऑर्का घातलंय. हेडफोन आणलेत. उठावाचे नंबर अजून राहिलेत.

पहिल्या दिवशी सात मुली आल्या. रजिस्टरमध्ये दुसरंच नाव तिचं, वहीवाल्या मुलीचं, वेळ ७:२०, मशीन ११. निघायची वेळ लिहायची राहिली, लेक्चरला पळाली होती. परवा बघितलं तर डबली लिंक्ड लिस्ट करत होती, अजून पोर्शनला आली नाहीये.

एक अडचण आहे. दोन मशीन सकाळी चालू केली की तारीख २०१३ सालची दाखवतात, लॉगिन होतं पण ब्राउझरमध्ये कुठलीच साईट उघडत नाही, सर्टिफिकेटचा काहीतरी एरर येतो, आणि मेक (प्रोग्रामच्या फाईली कंपाईल करणारी कमांड) चालवलं की घड्याळाबद्दल वॉर्निंग येते. नेटची केबल बदलून बघितली.

---

पान्हापक्कड | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४१

केबल नाही मॅडम, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर-२०३२, चपटा गोल, घड्याळाच्या दुकानात मिळतो. मशीनचा प्लग पूर्ण काढून मग बदला आणि बायोसमध्ये तारीख लावा. मशीनला आपण २०१३ मध्ये आहोत असं वाटतं आणि साईटचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं दिसतं, म्हणून तो नाकारतो. सगळी मशीन एकाच वर्षीची असतील तर बाकीचेही सेल संपत आले असतील, एकदम चौदा घ्या.

---

सांजवात | २० फेब्रुवारी, सकाळी ७:४८

आत्ता लॅबमधूनच लिहितेय. दोन्हींचे बदलले, चालू झाली. बाकीचे बारा दादा आज संध्याकाळी घेऊन येतायत.